अनोळखी माणसाकडून ऑनलाइन वस्तू घेताना विश्वास कशावर ठेवायचा? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भाग)

सीमावासी (धागाकर्ता)

आपल्या भागात व्यवहार ओळखीवर चालतो. गाव कुठलं, आडनाव काय, कुणाचे पाहुणे, एवढं विचारलं की समोरच्या माणसाचा अंदाज येतो. उचगावचा माणूस चंदगड भागातून म्हैस आणतो तेव्हा मध्ये कुणीतरी ओळखीचा असतोच, आणि उद्या काही वावगं निघालं तर त्याच्या दारात जाता येतं. ॲपवरच्या जुन्या गाड्या, मोबाईल, फ्रिज, टिलर यांच्या जाहिरातीत असा मधला माणूस नसतो. तरी आपण प्रश्न तेच विचारतो, आणि फसवणारे त्याच प्रश्नांची उत्तरं तयार ठेवतात. म्हणून हा धागा काढतोय.

ताजं उदाहरण सांगतो. आमच्या हिंडलग्यातल्या एका मुलाला स्कूटरची जाहिरात दिसली. केए-२२ (बेळगाव) पासिंग, गाडी नव्यासारखी, भाव बाजाराच्या निम्म्याहून कमी. विकणारा म्हणाला, मी कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, जम्मूला बदली झाली, गाडी नेता येत नाही. लगेच व्हॉट्सॲपवर फौजी ओळखपत्राचा फोटो, मागोमाग कँटीन कार्ड, मग गणवेशातला फोटो. मुलगा तयार झाला होता. त्याचे काका फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, आम्ही इथंच राहतो, गाडी बघायला येतो. तिकडून उत्तर आलं की बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं घरपोच येईल, गेट पास आणि पार्सलचे पैसे तेवढे आधी टाका, ते नंतर परत मिळतात. काका म्हणाले, मग गेटबाहेर घेऊन या, मी येऊन थांबतो. फोन कट, नंबर ब्लॉक.

हा डाव देशभर चालतो, पण आपल्याकडे तो जास्त लागू पडतो. घरटी कुणीतरी फौजेत, आणि मराठा रेजिमेंटचं केंद्र इथंच. वर्दीवर शंका घ्यायला मन तयार होत नाही. त्यात ओळखपत्राचा फोटो एखाद्या खऱ्या जवानाचाही असतो, कुठून तरी उचललेला. त्यामुळं कार्ड खरं की खोटं हे शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे.

फोनवरून माणूस पारखायचा नाद सोडावा. वस्तू खरोखर आहे का, ती त्याच्याच ताब्यात आहे का, आणि माझे पैसे जातील त्याच वेळी ती माझ्या हातात येते का, या तीन गोष्टी तपासाव्यात. ज्यांनी गाड्या, मोबाईल, साड्या, शेतीची अवजारं अशी घेतली-विकली आहेत त्यांनी लिहावं.

उद्यमबागकर

विकणाऱ्यांनीही जपायला पाहिजे, त्यावर लिहितो. कंपनीतल्या सहकाऱ्यानं जुना सोफा टाकला होता. तासाभरात फोन. घासाघीस नाही, बघायला येतो म्हणणं नाही, सांगितलेला भाव मान्य. "टेम्पो संध्याकाळी येईल, पैसे आत्ताच पाठवतो" म्हणून त्यानं क्यूआर पाठवला, स्कॅन करा म्हणाला. नशिबानं शेजारी बसलेल्यानं अडवलं.

क्यूआर स्कॅन करतो तो पैसे देणारा. पिन टाकतो तोही पैसे देणारा. पैसे घ्यायला आपला यूपीआय नंबर सांगितला की झालं, पिन कुठंच टाकावा लागत नाही. २०१६ पासून यूपीआय आहे, तरी घाईत हे सुचत नाही, कारण समोरचा सतत बोलत असतो. "आधी एक रुपया पाठवून बघा, मी दोन परत पाठवतो" म्हणतो आणि खरंच पाठवतो. मग मोठ्या रकमेला आपला हात आपोआप पिनकडे जातो.

एका माणसानं दुसऱ्याकडं यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ते बरं झालं. पण क्यूआरचा डाव त्यानं थांबत नाही, तिथं स्कॅन आपणच करतो.

दुसरं म्हणजे "पैसे जमा झाले" असा एसएमएस. तो कुणालाही कुठल्याही नंबरवरून पाठवता येतो. वीस हजारांची वस्तू, मेसेज दोन लाखांचा, आणि मग रडवेला आवाज: चुकून शून्य जास्त पडलं, दवाखान्याचे पैसे होते, तेवढे परत पाठवा. मेसेज बाजूला ठेवा, बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. स्क्रीनशॉट तर बघूही नका.

खानापूरचा_सागर

जुना मोबाईल घेणाऱ्यांसाठी. समोरासमोर भेटल्यावर डायल पॅडवर *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर येतो. बिलावरचा आणि बॉक्सवरचा तोच आहे का बघा. नंतर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर तो नंबर टाका. चोरीला गेला म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथं कळतं. २०२३ पासून ही सोय सगळ्या देशात आहे, म्हणजे कोल्हापुरात चोरीला गेलेला आणि ब्लॉक केलेला फोन बेळगावात विकायला आणला तरी कळतं.

बिल नाही, बॉक्स नाही, "गावाकडं राहिलंय" असं म्हणाला की मी तिथूनच परत फिरतो. आणि जुन्या मालकाचं गुगल नाहीतर ॲपल खातं त्यानं आपल्यासमोर काढलं पाहिजे. पैसे दिल्यावर "घरी जाऊन काढतो" म्हटला तर फोन हातात असून उपयोग नाही.

शहापूरची_लेक

सगळ्यांचं वाचलं. पटतंय, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहिते. आमचं घर विणकामाचं. शहापूर-वडगावात आता हातमाग राहिलेच नाहीत म्हणा, पॉवरलूम आहेत. मी दोन-तीन वर्षं ऑनलाइन साड्या विकते. "ॲडव्हान्स द्यायचाच नाही" असं सगळ्यांनी धरलं तर माझ्यासारखीनं विकायचं कसं? कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली होती. लोक मागवतात, पार्सल दारात गेलं की "आता नको" म्हणतात. जाण्या-येण्याचा खर्च माझा, साडी पंधरा दिवस फिरून चुरगळून परत. ॲडव्हान्स मागितला म्हणजे तो चोर, हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

त्याच वेळी, माझ्याच साड्यांचे फोटो उचलून कुणीतरी भलतंच पेज काढलं होतं, हेही सांगते. माझी ओसरी, माझ्या आईचा हात, आणि किंमत ४९९ रुपये. तेवढ्यात तर सूतही येत नाही. त्या पेजवर ऑर्डर देऊन फसलेल्या एका ताईंनी शोधत शोधत मला फोन केला, खूप बोलल्या. माझा काही दोष नव्हता, पण माझ्या घराचा फोटो बघूनच त्यांनी पैसे टाकले होते, तर मी काय बोलणार?

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला स्वतःच सांगते की पैसे टाकायच्या आधी व्हिडिओ कॉल करा. कॉलवर साडी उलटी करून दाखवते. काठ आणि पदर जिथं जोडतात तिथली मागची बाजू बघा, धागे कसे आहेत ते दिसतं, आणि फोटो चोरणाऱ्याला तेवढं कधीच दाखवता येत नाही. गिऱ्हाईक म्हणेल ते नाव चिठ्ठीवर लिहून साडीवर ठेवते. त्यामुळं हा आधी रेकॉर्ड केलेला जुना व्हिडिओ नाही हे कळतं. मग निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल पाठवल्याचा ट्रॅकिंग नंबर दिल्यावर. घेणाऱ्यानं पार्सल उघडताना सुरुवातीपासून, सील फोडायच्या आधीपासून, व्हिडिओ काढावा. त्यात काही निघालं तर मी साडी परत घेते.

मोठ्या दुकानाचं पेज असेल तर जीएसटी नंबर मागा. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नाव-पत्ता दिसतो. कर्नाटकाचा नंबर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ नं, गोव्याचा ३० नं. बेळगावचं दुकान म्हणवतो आणि नंबर तिसऱ्याच राज्याचा, तर विचारा. लहान घरगुती विक्रेत्यांकडं जीएसटी नसतो, त्यावरून आम्हाला खोटं ठरवू नका एवढीच विनंती.

उद्यमबागकर

ताई, तुमचं म्हणणं मान्य. ॲडव्हान्स वाईट नाही, न बघता दिलेला ॲडव्हान्स वाईट. यूपीआयवर पैसे पाठवताना बँकेतलं नाव दिसतं, ते तरी वाचावं लोकांनी. पेज "शहापूर साडी" आणि नाव भलत्याच माणसाचं, तर आधी विचारायचं. घरच्या कुणाचं खातं असेल तर विकणारा स्वतःच सांगेल.

निपाणीकर_काका

गाड्यांबद्दल मी लिहितो, आयुष्य त्यातच गेलं.

आमच्याकडं रस्त्यावर निम्म्या गाड्या एमएच-०९ (कोल्हापूर पासिंग) दिसतात. कोल्हापूर जवळ, तिथं गाड्या भरपूर, भाव बरा. गोव्याच्या गाड्याही येतात. लोक ॲपवर भाव बघतात आणि हुरळतात. पण राज्य बदललं की गाडीचा खरा भाव जाहिरातीतला राहत नाही. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला लागतो (फॉर्म २८), मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. तो आकडा गाडीच्या वयावर आणि किमतीवर ठरतो आणि लहान नसतो. चिकोडीच्या किंवा बेळगावच्या आरटीओत आधी विचारून या, मग सौद्याला बसा. "एमएच पासिंगच चालवा, कोण बघतंय" असं सांगणारा एजंट तुम्हाला खड्ड्यात घालतोय.

सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, फिटनेस, कर्ज दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पण समोरच्याच्या नावाशी जुळतंय का ते कळतं. चलन बाकी आहे का तेही वेगळं बघा. सीमावासी, तुमच्या त्या फौजीच्या गाडीचा केए-२२ नंबर टाकला असता तर सगळं बरोबर निघालं असतं बघा. नंबर खऱ्या गाडीचा उचललेला असतो. म्हणून ॲपवर थांबू नका. गाडीजवळ जा, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा आणि आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) अक्षर न् अक्षर ताडून बघा. चेसिस नंबरच्या जागी घासल्याच्या किंवा परत ठोकल्याच्या खुणा असतील, आजूबाजूला नवा रंग असेल, तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

विकणाऱ्यांनाही सांगतो. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून एजंटाकडं गाडी सोपवायची पद्धत आपल्याकडं फार आहे. गाडी तीन हात फिरते, नाव तुमचंच राहतं. पुढं अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. घेणारा राज्यातला असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत, राज्याबाहेरचा असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते स्वतः जाऊन करा, एजंटाच्या भरवशावर सोडू नका.

टिळकवाडी_वकील

काकांनी गाड्यांचं नेमकं लिहिलंय. मी फसवणूक झाल्यावर काय करायचं ते लिहितो, कारण माझ्याकडं लोक फार उशिरा येतात.

पहिला फोन १९३० ला. घरच्यांना सांगायच्या आधी, त्या फसवणाऱ्याला परत फोन करायच्याही आधी. तो नंबर राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा आहे, कर्नाटकातून लावा नाहीतर महाराष्ट्रातून. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढं दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात वळवून काढून घेतले जातात. ते निघायच्या आत तक्रार पोचली तर ती रक्कम बँकेत अडवता येते. त्यासाठी व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक केला तरी चॅट ठेवा. सोबत सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि बँकेला लेखी कळवा.

सीमाभागात नेहमी होणारी गोष्ट म्हणजे हद्दीचा घोळ. माणूस राहतो महाराष्ट्रातल्या शिनोळीत, बँक कर्नाटकात बेळगावात, फसवणारा तिसऱ्याच राज्यात. इकडून तिकडं पाठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. हे कलम कागदावर लिहून न्या आणि शांतपणे दाखवा. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे, तिथंही जाता येतं. तोतयेगिरीनं फसवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड हे कलम लागतं.

आता जे कुणी फारसं बोलत नाही ते. तुम्ही प्रामाणिकपणे लॅपटॉप विकला. समोर आलेला मुलगा म्हणाला, मित्र पैसे पाठवतोय. पैसे आले, लॅपटॉप गेला. काही दिवसांनी तुमचं खातं गोठलेलं. कारण ते पैसे त्या मुलाच्या "मित्राचे" नव्हतेच. दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या माणसाला फसवून त्यालाच तुमच्या खात्यावर पैसे टाकायला लावले होते, आणि त्यानं १९३० ला तक्रार केली. तुम्ही त्या गुन्ह्यातले नाही हे सिद्ध करायला तिकडच्या पोलिसांशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तोवर पगारसुद्धा अडकतो. म्हणून समोर उभ्या माणसाच्याच नावाच्या खात्यातून पैसे घ्या. नाव जुळत नसेल तर व्यवहार थांबवा. त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि वस्तू दिल्याची पोचपावती ठेवा.

आणखी एक. फसल्यावर थोड्या दिवसांत फोन येतो: आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, सोडवायला फी भरा. खचलेली माणसं तिथं दुसऱ्यांदा फसतात. पोलीस पैसे परत द्यायला फी मागत नाहीत.

चंदगडचा_शेतकरी

वकीलसाहेब, सीमावासी दादा, माझा चालू सौदा आहे, सांगा काय करू. ॲपवर पॉवर टिलर बघितलाय. विकणारा लांबच्या जिल्ह्यातला, मराठीत चांगला बोलतो, आवाजावरून शेतकरीच वाटतो. फोटो बरे आहेत. म्हणतोय बरेच लोक मागं लागलेत, पाच हजार टोकन टाका, मग ट्रान्सपोर्टला घालून बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो पाठवतो, बाकीचे बिल्टी बघून द्या. भाताचं रान तयार करायचंय, टिलर लवकर पाहिजे.

निपाणीकर_काका

थांबा. टोकन टाकू नका. बिल्टीचा फोटो म्हणजे माल नव्हे, कोरं बिल्टी बुक कुठंही छापून मिळतं. त्याला म्हणा, व्हिडिओ कॉलवर थंड इंजिन चालू करून दाखव, आणि कॉल चालू असतानाच इंजिनवरची नंबर पट्टी जवळून दाखव. मग मूळ बिल दाखव. टिलरला गाडीसारखी आरसी बघायला मिळत नाही, त्यामुळं मूळ बिलावरचं नाव आणि इंजिन नंबर हाच तुमचा आधार. अनुदानावर घेतलेला असेल तर काही वर्षं विकायला मनाईची अट असू शकते. सोसायटीचं कर्ज आहे का तेही विचारा.

खानापूरचा_सागर

दादा, बिल्टी आलीच तर त्यावर छापलेल्या नंबरला फोन करू नका, तो त्यांचाच असतो. ट्रान्सपोर्टचं आपल्याकडचं ऑफिस शोधा आणि तिथं जाऊन बिल्टी नंबर विचारा. गुगलवर वर येणारा कस्टमर केअर नंबरही धरू नका.

चंदगडचा_शेतकरी

आत्ताच बोललो. कॉल करा म्हटलं तर रेंज नाही म्हणाला. उद्या करा म्हटलं तर चिडला, "विश्वास नसेल तर राहू दे" म्हणाला. नाद सोडला. गडहिंग्लजला एक बघितलाय, भाव जास्त आहे पण परवा जाऊन चालवून बघणार. तिथं पसंत पडला तर कागद काय करायचा?

सीमावासी

चांगलं केलंत. ज्याच्याकडं खरा टिलर आहे त्याला तो चालू करून दाखवायला जड जात नाही. शहापूरच्या ताई बघा, गिऱ्हाइकानं मागायच्या आधी स्वतःच दाखवतात.

टिळकवाडी_वकील

कागद साधा असला तरी चालेल, पण दोन प्रती करा. दोघांची पूर्ण नावं, पत्ते, ओळखपत्राचे क्रमांक. टिलरचा मेक, मॉडेल, इंजिन नंबर, मूळ बिलाचा क्रमांक. "यावर कुठलंही कर्ज किंवा जप्ती नाही" हे वाक्य विकणाऱ्याच्या हस्ताक्षरात घ्या. रक्कम अंकात आणि अक्षरात, आणि यूपीआय किंवा बँकेतून दिली असेल तर यूटीआर. शक्यतो बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. मूळ बिल ताब्यात घ्या. दोन साक्षीदार, एक तुमच्याकडचा, एक त्यांच्याकडचा. विकणारा कन्नडमध्ये सही करत असेल तर हरकत नाही, नाव मात्र दोन्ही लिपीत लिहून घ्या.

गाडी असेल तर वरच्या सगळ्याबरोबर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोन्ही लिहा. त्याच दिवशी सकाळी सिग्नल तोडला किंवा संध्याकाळी अपघात झाला तेव्हा गाडी कुणाकडं होती, हे दाखवायला ती वेळ उपयोगी पडते. पण काकांनी लिहिलंय तसं, नोंदीत नाव बदलेपर्यंत भरपाईसाठी मालक जुनाच धरला जातो.